पेडगावच्या चहापानातली बाई

निवडणुकीआधी आम्ही कार्यकर्त्यांनी पेडगावात उमेदवारांसाठी चहापान ठेवलं होतं. एका महिला उमेदवाराच्या वतीनं तिचा नवराच बोलायला उठला. तेवढ्यात मागून एक वयस्कर बाई पदर खोचत पुढं आली.

"दादा, तुमी बसा. मत तिला द्यायचंय, तर तिलाच बोलू द्या की."

नवरा ओशाळून बसला. उमेदवार उभी राहिली, पण तिला शब्द फुटेना. बाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग उमेदवार मुलींच्या शाळेच्या बसबद्दल बोलू लागली आणि थांबेचना.

निघताना मी बाईंना विचारलं, "मत हिलाच ना?"

"माझं मत न्हाई इथं. लेकीकडं आलेय. पण तिचं गप बसणं बघवंना मला."

आता सभेत कुणी बाई गप्प दिसली, की मी तिच्या शेजारी जाऊन बसते.