घोंगडीमागचा हात

ग्लेनाबामावशीच्या कमरेला चांदीचं एक घुंगरू असायचं. ते वाजलं की तिचा जावई डेल्बर्ट असेल तिथून उठायचा आणि दुसऱ्या दाराने निघून जायचा. अमेरिकेतल्या आम्हा डिने आदिवासींत सासू-जावयाने एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, बोलायचंही नसतं. बघितलं तर बघणाऱ्याचे डोळे जातात. नवी पोरं हे फारसं पाळत नाहीत. मावशीच्या घरात पाळत होते. हसू येत असेल तर खुशाल हसा. मला आता येत नाही.

मी रोबर्टा. आमच्या जमातीच्या कॉलेजात अभ्यासाला मदत करायची एक खोली आहे, तिथे मी टेबलामागे बसते. कुणाचं कुठे अडतंय ते विचारायचं आणि ज्याला ते जमतं अशा विद्यार्थ्याशी त्याची गाठ घालून द्यायची, हे माझं काम. मावशी माझ्याच कुळातली, म्हणून मावशी. पन्नाशी उलटल्यावर मेंढरं बहिणीच्या हवाली करून ती कॉलेजात आली आणि बीजगणितात दोनदा आपटली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा मीच म्हटलं, आता तू शिकव. दोनदा खड्ड्यात पडलेल्याला खड्डा कुठे आहे ते पक्कं ठाऊक असतं. पोरं तिच्यापुढे चुकायला लाजत नसत, आणि आमच्या खोलीत तेवढंच लागतं.

त्या हिवाळ्यात डेल्बर्टचं बीजगणितात अडलं. पास झाला तर जवळच्या वीजकेंद्रात शिकाऊ म्हणून घेणार होते. नापास झाला तर उत्तरेला तेलविहिरींवर जावं लागणार, आणि तो गेला की मावशीची लेक व्हर्लिंडा आणि रांगती नातही जाणार. बीजगणित शिकवणारी खोलीत एकटी मावशीच. इकडे आड, तिकडे विहीर.

मग मी खोलीच्या मधोमध दोरी बांधून घोंगडी टांगली. एका बाजूला डेल्बर्ट, दुसऱ्या बाजूला मावशी, आणि मी मध्ये पोस्टमन. त्याने सोडवलेलं गणित तिच्याकडे न्यायचं, ती म्हणाली ते त्याला सांगायचं. पोरं मला चिडवायची की रोबर्टाताई, एवढ्या फेऱ्यांत तूच पास होशील. मीही हसायचे. तेव्हा हसता येत होतं.

मावशी मात्र वैतागली होती. कागदावर इतकी खोडाखोड असायची की गड्याचं नेमकं कुठे चुकतंय तेच कळेना. शिकवणाऱ्याला लिहिणारा हात दिसावा लागतो, नुसता कागद बघून भागत नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणायची. एके दिवशी मी कॉफी आणायला गेले होते. परत आले तर मावशी घोंगडीची खालची कड सोडून सरळ होत होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, त्याच्याकडचा खोडरबर काढून घे आणि पेन दे.

"त्याला सगळं येतं गं," ती कुजबुजली. "आधी बरोबरच लिहितो. मग भितो, आणि खोडून चूक लिहितो."

पेनाने त्याची गणितं सुटायला लागली. मला इतका आनंद झाला की मी मटणाचा रस्सा करून आणला. खाता खाता मावशीने विचारलं, खोलीत धूर कसला झालाय? धूर नव्हता. पुढच्या आठवड्यात तिला डोळ्यांपुढे काळे धागे तरंगताना दिसायला लागले, आणि मग एक दिवस तिने माझा हात घट्ट धरला.

"मी त्याचा हात पाहिला, पोरी. नुसता हातच. हात म्हणजे तोंड नव्हे ना?"

मी म्हटलं, दवाखान्यात चल, तुला साखरेचा त्रास आहे, डॉक्टर डोळे बघतील. नाही म्हणाली. मग गाणी म्हणून रोग्याला बरं करणाऱ्या बाबांकडे तरी चल. तिथेही नाही. त्यांना काय पाहिलं ते सांगावं लागेल, आणि डेल्बर्टच्या कानावर गेलं की आपल्यामुळे तिचे डोळे चाललेत म्हणून तो घरात थांबणार नाही, परीक्षेला तर नाहीच नाही. त्याची परीक्षा होऊ दे, मग बघू. मला तिने तोंड उघडायचं नाही अशी गळ घातली, आणि मी बावळट गप्प बसले.

मावशी कागद नाकाशी धरायची, मग खिडकीशी न्यायची, मग नुसताच मांडीवर ठेवायची. शेवटी मी गणितं वाचून दाखवायला लागले, हळू आवाजात. रोज सकाळी मनाशी म्हणायचे, आज ती मला ओळखेल ना? आवाज ऐकल्याशिवाय ओळखेल ना?

पण घोंगडीने कान थोडेच बंद होतात. एका दुपारी मी वाचत असताना पलीकडची खुर्ची सरकली.

"ताई," डेल्बर्ट म्हणाला, "त्यांना दिसत नाहीये ना? त्यांनी मला पाहिलं का?"

हो म्हणावं तर हा आताच्या आता निघून जाणार. नाही म्हणावं तर मावशीच्या देखत खोटं. तेवढ्यात मावशीच बोलली, पण माझ्याकडे तोंड करून, रीत सोडली नाही तिने.

"रोबर्टा, सांग त्याला. हात पाहिला मी. आता ते खोडता येत नाही, आणि त्यानेही काही खोडायचं नाही. परीक्षेला बसायचं."

पलीकडे पेनाला टोपण लावल्याचं ऐकू आलं. तो निघाला असंच मला वाटलं. मग त्याचा घोगरा आवाज आला. "त्यांना सांगा, बसतो. पण त्यांनी आज दवाखान्यात यायचं. नाहीतर नाही बसणार."

तोच घेऊन गेला. पिकअपमध्ये शाल टांगली, मागे मावशी आणि मी. वाटेत बर्फ होतं, गाडी घसरायची, आणि प्रत्येक हिसक्याला ते घुंगरू वाजायचं. मावशीचे हात बर्फासारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले साखरेने केलं, लवकर यायला हवं होतं. बाबांनी ऐकून घेतलं, गाणी म्हटली, आणि कशाने केलं ते बोलले नाहीत. एक डोळा गेला. दुसऱ्यात तिन्हीसांजेएवढा उजेड उरला.

डेल्बर्ट पास झाला, पेनाने. वीजकेंद्रात लागला, लेक-नात घरीच राहिल्या. मावशी पुन्हा शिकवायला आली. मी म्हटलं, आता ते घुंगरू कशाला, तुला दिसतंय कुठे?

"माझं गेलं ते गेलं," ती म्हणाली. "त्याचे दोन्ही शाबूत आहेत. ते राहायला हवेत."

डेल्बर्टच तिला कॉलेजात सोडायचा. गाडी थांबली की टोपी तोंडावर ओढून बसायचा, घुंगरू वाजत लांब गेलं की मगच टोपी काढायचा. परवाच्या बर्फात मी खिडकीतून पाहिलं तर मावशी पिकअपच्या बाजूला थिजल्यासारखी उभी होती, आणि आत तो तसाच, टोपीखाली. मी धावले. घुंगराचा दोरा तुटून ते बर्फात पडलं होतं. तिला दिसेना, त्याला हाक मारता येईना, आणि मुकाट्याने चालत गेली तर ती गेली हे त्याला कळणार कसं? तिचे ओठ निळे पडले होते. किती वेळ उभी होती कोण जाणे.

मी गुडघ्यावर बसून बर्फ उपसलं. घुंगरू सापडलं. ते वाजवत, दुसऱ्या हाताने तिला धरून मी दाराकडे निघाले. मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तिने माझ्या हातावरची पकड सैल केली.