गुडघाभर पाण्यातले समुद्रप्रशिक्षण

सोमवारी छायाचित्र, मंगळवारी प्रमाणपत्र, बुधवारी रवानगी. जबाबदार दोघे: सही करणारा प्रशिक्षक आणि पुसदचा हा मजूर-दलाल, जो चहासुद्धा नारिंगी हेल्मेट घालूनच पितो.

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर पाठवायच्या वेल्डरांना त्याने जीवरक्षक जाकिटे घालून शेततळ्यात उतरवले. पाणी गुडघाभरच होते, म्हणून त्यांना खाली बसवले. छायाचित्रात ते गळ्यापर्यंत दिसते.

"यातल्या आमच्या शेजारच्या सलीमला पोहता येत नाही," मी बजावले.

मिशीवर कंगवा फिरवत दलाल म्हणाला, "काकाजी, दोन प्लॅटफॉर्मच्या मधात लोखंडी पूल हाय. पोहाचं काम कायले पडते?"

बुधवारी सलीम रवाना झाला. आगीत तो पूल तुटला, तर सलीमने काय करावे? सही करणाऱ्याने याचे उत्तर भर चौकात, सलीमच्या आईसमोर द्यावे.