काकूच्या मुठीतला पाला

काकू पाला कधी उघड्या हाताने आणत नसे. पदराखाली चुरगळायची आणि मूठ न उघडता रस जखमेवर पिळायची. पाल्याचं नाव तोंडातून निघालं की गुण जातो, असं ती सांगायची. धाड गावच्या बाजाराला आलेली माणसंसुद्धा आधी तिच्या ओट्यावर येऊन बसत.

मी इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते. मध्यप्रांत-वऱ्हाडचा नकाशा मला न बघता काढता येई. पण बांधावरचं झाड ओळखू येत नाही, असं काकू चारचौघींत ऐकवायची. त्याच सुट्टीत ज्वारी कापताना आईच्या पायाला विळा लागला. पाला लावण्याआधी काकूने तिच्याकडून तीन दिवस आपलं दळण दळून घेतलं. आई पाय लांब करून जात्याशी बसायची. जखम चिघळली. मी विनवायला गेले, तर काकू ओट्यावरच्या बायांकडे बघून म्हणाली,

"लाव ना तुयी इंग्रजी तिच्या पायाले."

बाया हसल्या. मी घरी आले.

शेवटी काकूने पाला बांधला. दुसऱ्या दिवशी आईची पट्टी सोडताना त्यातले तुकडे मी पाण्यात पसरले. खरखरीत, कातरलेल्या कडेचे. ते व्याकरणाच्या पुस्तकात ठेवून रोज सकाळी बांध धुंडाळले आणि तेच पान सापडलं. त्याचं नाव एका गुराख्याने सांगितलं. मनगटावर विळीने बारीक चीर देऊन रस लावला. रक्त थांबलं.

बाजाराच्या दिवशी टोपलीभर पाला घेऊन मी काकूच्या ओट्यासमोर उभी राहिले. काकू बांधते ती ही कंबरमोडी, एवढंच बोलले आणि प्रत्येकीच्या हातात पान दिलं. एका म्हातारीने ते उलटून पाहिलं.

"हे त मायी बकरी रोज खाते, माय."

महिन्याभरात ओटा रिकामा झाला.

मग एका दुपारी काकूच आमच्या दारात आली. उजवा तळहात विळीने कापला होता, डाव्या मुठीत पाला होता. एका हाताने पट्टी बांधता येत नाही. आई उठायला लागली, मी तिला बसवलं. शेजारच्या दोघी दळण थांबवून बघत होत्या.

"काकू, पाल्याचं नाव सांग. मग बांधते."

रक्त कोपरापर्यंत ओघळलं. ती पुटपुटली. मी म्हणाले, ऐकू नाही आलं. तिने पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग मी पट्टी बांधली. गाठ जरा जास्तच आवळली.