हद्दीवरचे नाना

वनरक्षक नानांचा कुणावरच विश्वास नसे. चहा गरम आहे म्हटलं तरी ते आधी कपाला बोट लावत. ऐंशीच्या दशकात चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यातल्या वनखात्याच्या कचेरीत मी कारकून होतो. नानांची हद्द थेट मध्य प्रदेशाला भिडलेली. उन्हाळ्यात वणवा लागला की ते अहिराणीत म्हणत, "आग आपोआप लागस का? पलीकडला लावतस."

पलीकडचे लोकही आमच्याबद्दल हेच म्हणत. शेवटी दोन्हीकडच्या साहेबांनी ठरवलं, की सीमेवर दोघांनीही आपापल्या बाजूनं जाळरेषा काढायची, म्हणजे गवत-पाला काढून पट्टा मोकळा ठेवायचा. नाना पलीकडच्यांचा पट्टा दोरीनं मोजून आले. काम चोख होतं. तरी दाखवण्यापुरतं केलं असेल, असं म्हणत राहिले.

होळीच्या सुमारास डोंगरावर धूर दिसला. मीही नानांबरोबर गेलो. वाटभर ते पलीकडचा वनरक्षक रामसिंग याला दोष देत होते. वर पोचलो तर तोच रामसिंग सात-आठ माणसं घेऊन आमच्या उतारावर हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होता. हात भाजलेले. नानांनी दरडावून विचारलं, "हमारे जंगल में क्या कर रहे हो?" त्यानं एक फांदी नानांच्या हातात दिली.

दुपार कलता आग विझली. मग नाना काळ्या पडलेल्या गवताचा माग काढत खाली उतरले. माग आमच्याच गावच्या मोहाखाली संपला. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी पाला पेटवला होता. जवळचा जाळरेषेचा तुकडा आमच्या मजुरांनी काढलाच नव्हता. काम झाल्याच्या कागदावर मात्र नानांची सही होती.

दरवर्षीसारखं 'आग पलीकडून आली' असं लिहा, असं साहेबांनी सुचवलं. नानांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं: आग आपल्या हद्दीत लागली, जाळरेषा मी न पाहता सही केली.

महिन्याभरात त्यांची बदली धुळ्याच्या लाकूड आगारात झाली. ते निघताना नव्या वनरक्षकानं विचारलं, पलीकडच्यांपासून किती सावध राहायचं? नाना चपला घालत होते. मान वर न करता म्हणाले, "तठे रामसिंग शे. आपली जाळरेषा त्याले दखाड, मंग सही कर."