नलूमावशीची अंबाडी

नलूमावशीच्या घरी चहा लवकर मिळत नसे. पातेल्यावर झाकण ठेवून ती ओट्याशी उभी राही आणि कुणी कप पुढे केला की म्हणे, "थांब गं, अजून उतरला नाही." पेरू, मुरंबा, माणसाचा राग, सगळ्यालाच ती वेळ देई. नाशिकच्या एका कॉलेजात तिने आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. कुणी कच्चं फळ तोडलेलं दिसलं की तिचा चेहरा उतरायचा.

काका अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि काही वर्षांत त्यांचा कॅन्सर हाडांत पोचला. दुखणं थांबवायच्या गोळ्या पोटात ठरत नसत, उलटून पडत. मावशी एकदा त्र्यंबकेश्वरला जाऊन आली. नवस बोलायला गेली असेल, असं मला वाटलं. ती पदराच्या गाठीत बी बांधून आली होती. पावसाळा सरत आला तेव्हा गच्चीवर, जास्वंदीच्या आड, गांजाची दोन झाडं उभी होती.

"मावशी, हा गुन्हा आहे," मी म्हणाले.

"कायदा मला ठाऊक आहे. तू एक रात्र इथे झोप आणि यांचं कण्हणं ऐक."

गांजाचं पान दिसायला थेट अंबाडीसारखं. शेजारच्या शिंदेकाकू मूळच्या सायखेड्याच्या. त्या कठड्यावरून ओरडल्या, "मॅडम, अंबाडी लय भारी आली हो! द्या की जुडीभर, भाकरीसंगं करते."

"कडू आहे हो ती. जंगली."

"कडू तं कडू! आमच्या ह्यांना माझ्या हातचं कडूच लागतं, तीस वर्षं तेच म्हनत्यात."

खाली पलंगावर काका हसले. त्यांचं ते शेवटचं हसू.

आश्विनात तुरे भरले. काका म्हणाले, "नलू, काढ आता. मला धीर नाही."

तिने भिंगातून तुरा पाहिला. "अहो, अजून आठवडाभर. आत्ता काढला तर गुण निम्माच उतरेल."

"निम्माच दे."

"अर्धवट काही द्यायचं नाही मला तुम्हाला."

आणि परतीचा पाऊस आला. तिने झाडांवर प्लास्टिक बांधलं, त्याखाली हवा कोंडली. ऊन पडल्यावर प्लास्टिक काढलं तेव्हा मी तिच्याजवळ होते. तुरे बाहेरून हिरवेगार, टपोरे होते. तिने एक उकलला. आत राखाडी लव, दांडा तपकिरी पडून मऊ झालेला. मी काम करते त्या वाचनालयात भिजलेल्या पुस्तकांना येतो तसा वास आला. तिने दुसरा उकलला, मग तिसरा. शेवटी हात थांबले तेव्हा उकलायला काही उरलं नव्हतं.

"वरचं झटकून टाक आणि तुपात उकळ," काका म्हणाले. "बुरशी मरेल."

"बुरशी मरेल. तिचं विष कुठे जाईल? तुमच्या अंगात आता झेपायची ताकद नाही."

"मी मरतोयच ना, नलू? मग कशानं, ते तरी मला ठरवू दे."

ती वर गेली, दोन्ही झाडं कापली, तुरे बादलीत भरले आणि वरून फिनेल ओतलं. तो वास जिन्यावरून खाली आला. काकांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. ती पेला घेऊन समोर उभी असायची आणि ते मला म्हणायचे, "पाणी दे गं." दिवाळीच्या आत ते गेले, कण्हत गेले. तिने केलं ते बरोबरच होतं, असं डॉक्टरांनीही सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची.

यंदा तिलाही तेच दुखणं झालं. तिच्या पोटात गोळ्या ठरल्या असत्या. मी रागावले, विनवलं, गोळी केळ्यात दडवून पाहिली. तिने गोळी बोटाने शोधून बाजूला ठेवली.

"यांना मिळालं नाही, ते मला नको."

"काकांना आता कळणार आहे का, मावशी?"

"मला कळतंय ना."

तिचं कण्हणं शेजारी जाई. शिंदेकाकू खिडक्या लावून घेत. शुद्ध होती तोवर तिने गोळीसाठी तोंड उघडलं नाही, आणि मी हातात पाण्याचा पेला घेऊन बसून राहिले. इतकं प्रेम मी दुसऱ्या कुणावर केलं नाही, आणि इतका रागही मला दुसऱ्या कुणाचा आला नाही. ती गेली. राग अजून इथेच आहे.