पिंकीचा डावा पाय

वसईत होळी नावाच्या बाजारातून भुईगावकडे जाताना कुणालाही फेबियन तुस्कानोचं घर विचारलं, की समोरून हमखास प्रश्न यायचा, "कोन, घोडे चोळणारा?" माणसं चोळणारे वसईत पुष्कळ होते. लचकलेला पाय, धरलेली मान, बाळंतिणीची कंबर, प्रत्येक दुखण्याला कुणी ना कुणी ठरलेलं होतं. घोडे चोळणारा मात्र हा एकटाच. लोक मानाने बोलतात की चेष्टेने, हे साठी जवळ आली तरी फेबियनला कळलं नव्हतं, आणि त्याने ते कुणाला विचारलंही नव्हतं.

सतराव्या वर्षी मामाने त्याला मुंबईच्या एका रेसच्या तबेल्यात नेऊन सोडलं. तिथल्या म्हाताऱ्या मालिशवाल्याने त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि त्याला आपल्या हाताखाली घेतलं. पुढची तेहतीस वर्षं फेबियनने घोड्यांच्या पाठी, खांदे आणि पाय दाबण्यात काढली. घोडा जिंकला की मालकाचा फोटो पेपरात यायचा, जॉकीचा यायचा, घोड्याचा तर यायचाच. फेबियनचं एकदा नुसतं कोपर आलं होतं. त्याच्या बायकोने, बर्थाने, ते कात्रण कापून बायबलमध्ये ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. एवढंच काय ते त्याचं नाव झालं.

ब्याण्णव साली तो कायमचा गावी आला. सत्त्याण्णवमध्ये बर्था गेली. मुलगी विनया लग्न होऊन मस्कतला. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. "पप्पा, जेवलास का?" "जेवलो." "गोळ्या घेतोस ना?" "घेतो." मग तिची मुलं इंग्रजीत काहीतरी बोलायची आणि फोन संपायचा. घरची बोली बोलायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती बोली फेबियन घोड्यांशी बोलायचा. घोडेही आता कमी झाले होते. टांगे एकेक करून गेले, त्यांच्या जागी रिक्षा आल्या, आणि रिक्षाला चोळून घ्यायची गरज पडत नाही. राहिल्या त्या वरातीच्या घोड्या आणि समुद्रावर पोरांना फिरवणारी दोन-चार तट्टं. महिना महिना एकही जनावर यायचं नाही. मग फेबियन ओसरीत बसून स्वतःचेच गुडघे चोळत राहायचा. दुसऱ्या जिवाची ऊब हाताला लागत नाही, म्हणून हात गार पडतात असं त्याला वाटायचं. डॉक्टर म्हणायचा, वय झालं.

दोन हजार सालच्या गणपतीनंतर जितेंद्र टेम्पोतून पिंकीला घेऊन आला. जितेंद्र विरारच्या मनवेलपाड्यातला घोडीवाला. चाळीमागे पत्र्याची शेड, शेडमध्ये एकच घोडी, आणि त्या घोडीवर अख्खं घर. पिंकी पांढरीशुभ्र, नाकपुड्या तेवढ्या गुलाबी. विसर्जनाच्या मिरवणुकीत काँक्रीटवर तिला तासन् तास नाचवली होती. पुढच्या डाव्या पायाची, गुडघ्याखालची मागची नस केळ्यासारखी फुगली होती आणि तो पाय ती टेकवतच नव्हती.

"अंकल, तुळशीच्या लग्नापर्यंत हिला उभी करा," जितेंद्र म्हणाला. "नंतर लग्नं चालू होतात. माझ्या शेडमध्ये एकच जनावर मावतं, दुसरं ठेवलं तर बिल्डिंगवाले बोंब मारतात. ही नाय झाली, तर हिला देऊन दुसरी आणायला लागेल."

फेबियनने खाली बसून पायाला हात लावला. "होईल. पन घाई करायची नाय."

"बरी झाली ना, तर दर रविवारी हिला समुद्रावर आणीन, तुमच्याकडं. आपला शब्द."

पिंकीला फेबियनच्या घरामागच्या वाडीत बांधून जितेंद्र गेला. पहिले पंधरा दिवस फेबियनने त्या नसेला मालिश केलंच नाही. दुखतं तिथे पहिला हात घालायचा नाही, ही त्याच्या म्हाताऱ्या गुरूची शिकवण. सकाळ-संध्याकाळ विहिरीच्या पाण्याची धार धरायची, आणि हात चालवायचा तो इतरत्र. दुखतो डावा पाय, पण सगळा भार वाहून उजवा खांदा दगड झालेला असतो. तो सैल करायचा, मग मान, मग पाठ. कोमट खोबरेल तेलात कापूर घालून फेबियन तळहाताची टाच फिरवायचा. डोळे मिटलेले असायचे, कारण उघड्या डोळ्यांनी हाताचं लक्ष उडतं, असं तो सांगे. पहिल्या दिवशी पिंकीने त्याच्या दंडाचा चावा घेतला. आठव्या दिवशी तिचा खालचा ओठ लोंबला, तिने एक लांबलचक सुस्कारा सोडला आणि डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं. फेबियन तसाच उभा राहिला. कंबर भरून आली तरी हलला नाही.

मग नसेची पाळी आली. अंगठ्याने वरून खाली, मोहरीएवढी गाठही हातातून निसटायला नको. ओहोटी असेल त्या वेळी तिला भुईगावच्या समुद्रात न्यायचं, गुडघाभर पाण्यात सावकाश चालवायचं. खारं पाणी सूज ओढून घेतं आणि लाटेला रेटताना पाय आपोआप उचलला जातो. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखाली बसलेले लोक बघायचे, एक म्हातारा लेंगा वर खोचून घोडीला काहीबाही सांगतोय. तो काय सांगायचा? बर्थाला कांदा कसा चालत नसे, विनयाला लहानपणी गोवर कसा निघाला होता, असलंच. पिंकी एक कान त्याच्याकडे ठेवून ऐकायची. घरात इतकं ऐकणारं कुणी बऱ्याच वर्षांत नव्हतं.

दिवाळीच्या पहाटे, ती जागेवरून हलायच्या आत, त्याने तिचे पुढचे दोन्ही पाय दोन्ही हातांत धरले. रात्रभर उभ्या घोड्याचा पाय पहाटे खोटं बोलत नाही. दोन्ही सारखे गार, सारखे सडसडीत. अंगठा दाबला तरी पिंकी ढिम्म. पाय बरा झाला होता.

आजवर या क्षणी त्याला दरवेळी आनंद झाला होता. या वेळी झाला नाही. ही आता जाणार, एवढंच त्याच्या मनात आलं.

संध्याकाळी जितेंद्रचा फोन. "हॅपी दिवाळी, अंकल! काय म्हणते आपली?"

"अजून आठ दिवस," फेबियनच्या तोंडून निघून गेलं.

तसं पाहिलं तर यात फारसं खोटं नव्हतं. कुठलाही शहाणा मालिशवाला चार दिवस हातचे राखतो. फेबियनने स्वतःची अशी छान समजूत घातली आणि आठ दिवसांनी पुन्हा फोन आला तेव्हा पुन्हा तेच सांगितलं. शेजारची बायजा बाजारासाठी मुळे धुताना उरलेला पाला पिंकीला आणून घालायची. तिने एकदा त्याला कुंपणावरूनच हटकलं. "फेबियन, काल वाडीत ती धावत होती. नीट झाली ना? मग देत का नाय?"

"आतून कच्चा आहे पाय."

"पाय कच्चा आहे की तू?" बायजा म्हणाली आणि पाला टाकून गेली. बायका फार बोलतात, असं पुटपुटत फेबियनने खरारा उचलला. त्याला राग आला होता, कारण ती बरोबर बोलली होती.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी जितेंद्रचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "अंकल, एकदा फायनल सांगा. शनिवारी पयली वरात आहे. चालेल का पिंकी? हो का नाय?"

फेबियनने खिडकीतून पाहिलं. पिंकी पेंढ्यात नाक खुपसून उभी होती.

"अजून आठ दिवस."

पलीकडून जितेंद्र म्हणाला, "बरं." वाद नाही, विनवणी नाही. त्या 'बरं'ने फेबियन सावध व्हायला हवा होता. पण आठ दिवस मिळाले या खुशीत त्याने पिंकीला गुळाचा खडा दिला आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला.

त्या रविवारी गल्लीत लग्न होतं. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला की चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत, म्हणून आधीचे दिवस गच्च भरलेले. संध्याकाळी नवरा-नवरीला घेऊन बँड घराकडे निघाला. फेबियन वाडीत पिंकीची पाठ चोळत होता. क्लॅरिनेटचा पहिला सूर आला आणि त्याच्या हाताखालचं कातडं थरथरलं. पिंकीने मान ताठ केली, कान उभारले. मग ढोल वाजला आणि ती जागच्या जागी नाचायला लागली. डावा, उजवा, डावा, उजवा. अंगावर झूल नाही, पाठीवर नवरा नाही, बघायला कुणी नाही, तरी ताल सोडत नव्हती. बँड लांब गेला तशी ती कुंपणापर्यंत गेली आणि तिकडेच बघत उभी राहिली. फेबियनने तिला हाक मारली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याला स्वतःची लाज वाटली. आपण हिला बरी करत नव्हतो, डांबून ठेवली होती, हे त्याला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

सोमवारी सकाळी त्याने तिला खरारा केला, शेपटी विंचरली आणि हातात दोर घेऊन तो विरारच्या रस्त्याला लागला. बरा झालेला घोडा टेम्पोत घालून पाठवायचा नाही, डांबरावरून चालवत मालकाच्या दारात न्यायचा, असा त्याच्या गुरूचा नेम. मऊ वाळूत लंगडाही ऐटीत चालतो. डांबरावर खूर वाजतात आणि वाजण्यात फरक असला की चालवणाऱ्याला ऐकू येतो. गास, निर्मळ, सोपारा, बोळिंज. साडेतीन-चार तासांत एक टाप चुकली नाही. फेबियनला अभिमान वाटत होता आणि रडूही येत होतं. मग त्याने रविवारचा विचार केला. दर रविवारी येणार आहे की! ओहोटीच्या वेळा आधी जितेंद्रला लिहून द्यायच्या. तेल तयार ठेवायचं. विनयाचा फोन येतो दुपारी, तिला सांगायचं, आज मी कामात आहे. रूळ ओलांडून विरार पूर्वेला येईपर्यंत त्याच्या चालण्यात जरा तरतरी आली.

मनवेलपाड्यात चाळीमागच्या शेडपाशी आला, तर आत एक घोडी उभी होती. पांढरी, पिंकीपेक्षा ठेंगणी, कपाळाला हळदकुंकू. बाहेर टेम्पो लागलेला. टेम्पोला टेकून फेटेवाला अनोळखी माणूस चहा पीत होता आणि जितेंद्र चप्पल घालत होता.

"अंकल? आम्ही आता तुमच्याकडंच निघालेलो," जितेंद्र म्हणाला आणि त्याची नजर पिंकीच्या पायांवर गेली. "ही चालत आली? होळीवरून?"

"हो."

"कधीपासून चालते अशी?"

"आज..." फेबियनने दोर हाताला गुंडाळला. "आज सकाळपासून."

जितेंद्र पायरीवर मटकन बसला. "चार दिवस आधी बोलला असता तर! तुम्ही पार आठ दिवस पुढं ढकललं. शनिवारची वरात होती, मी काय करनार? गुरुवारी ही दुसरी आणली. पिंकी लंगडी म्हणून यांना दिली, नाशिककडं नेणार, ओझ्याच्या कामाला. पैसे घेतले, या घोडीत घातले पन."

"मला दे," फेबियन म्हणाला. "मी ठेवतो. वाडीत जागा आहे."

फेटेवाला दलाल हसला. कप खाली ठेवून तो पिंकीभोवती फिरला, तिचा डावा पाय उचलून पाहिला. "लंगडी घेतली होती, चालती मिळाली. आता सोडतो होय बाबा?"

टेम्पोची फळी लावली. पिंकी चढेना. दलालाने दोर ओढला, मागून हाकललं, तशी ती मागच्या पायांवर उभी राहायला लागली. पाच-दहा मिनिटं ओढाताण झाली. चाळीतली माणसं गॅलरीत जमली.

"अंकल, तुमचं ऐकेल," जितेंद्र खालच्या आवाजात म्हणाला. "नायतर पाय परत मोडून घेईल."

फेबियनने दोर घेतला नाही. तो नुसता तिच्या पुढून फळी चढून टेम्पोत गेला आणि घरच्या बोलीत दोन शब्द बोलला. पिंकी त्याच्या मागोमाग वर आली, कुठेही न अडखळता, आणि त्याच्या खांद्याला नाक लावून उभी राहिली. त्याने तिच्या मानेवरून एकदा हात फिरवला, आयाळ एका बाजूला केली, आणि कडेने खाली उतरला. ती हंबरल्यासारखी खिंकाळली. त्याने वर पाहिलं नाही.

दलाल भलताच खूश झाला होता. "बाबा, गुण आहे तुमच्या हाताला! पत्ता द्या. अशी चार-पाच पडून आहेत माझ्याकडं, पाठवून देतो."

"नको पाठवू," फेबियन म्हणाला. मग तो जितेंद्रकडे वळला. खोटं आता गळ्याशी आलं होतं आणि ते घेऊन चार तास चालत घरी जाणं त्याला जमणार नव्हतं. "ही दिवाळीलाच बरी झालेली. मी दिली नाय."

जितेंद्रचा हात टेम्पोच्या कडीवर होता, तो तिथेच थांबला. तो ओरडेल असं फेबियनला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"का, अंकल?"

फेबियनने काहीतरी धड सांगायचा प्रयत्न केला. गॅलरीतली माणसं ऐकत होती, दलाल बघत होता.

"घरात कोन नाय माझ्या," तो म्हणाला.

जितेंद्रने मान फिरवली आणि कडी लावली.