हौसाकाकूंचा डावा हात

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कोणी असलं काही सांगायला लागलं की आधी मीच फिदीफिदी हसते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. गावात ‘मालिशवाली मॅडम’ म्हणतात, म्हणू देत! आजारपणानंतर माणसाला आपलं आपण जेवता यावं, अंघोळ करता यावी, बटण लावता यावं — हे शिकवणं माझं काम. खोपोलीहून स्कूटीवर घरोघरी जाते.

लोधिवलीजवळच्या एका वाडीत हौसाकाकूंकडे जायचे. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेलेली. डावा हात ठणठणीत, म्हणून त्याच हाताने जेवायला शिकवत होते. जाड मुठीचा चमचा दिला, तो त्यांनी भिरकावला. मला वाटलं, जड होत असेल. हलका आणला, तोही गेला अंगणात! कोणी भरवलं तर लाजेने दोन घासांतच ओठ मिटून घ्यायच्या. बाई डोळ्यांदेखत खंगत चालली होती.

शेवटी त्यांचे यजमान, धर्माकाका, बोलले. "ती मुळात डावखुरी हाय गं पोरी. लगीन होऊन आली, डाव्या हातानं जेवाला बसली, तर माज्या आयनं हातावर पळी हानली. म्हनली, या घरात डाव्या हातानं घास घ्याचा नाय. आय जाऊन लय वर्सं झाली, पन हिनं शब्द मोडला नाय."

आता यावर कसला व्यायाम देणार? मला रडूच आलं.

त्या दुपारी मी काकूंच्या उजव्या बाजूला बसून त्यांचा लुळा हात उशीवर ठेवत होते. समोर वरणभाताचं ताट. काका अंगणात लाकडं रचत होते. एकदम मिशरीचा, जळक्या तंबाखूचा वास आला... काकूंचा डावा हात सावकाश उचलला गेला. बांगड्या मागे सरकल्या आणि मनगटावर खळगे पडले — कोणीतरी धरल्यासारखे. हात ताटात गेला, घास घेऊन तोंडाशी आला.

काकू चावता चावता रडत होत्या. जड जिभेने म्हणाल्या, "आत्याबाई... म्हनली... खा गं बाय. चुकलं माजं."

आत्याबाई म्हणजे सासू.

काका धावत आत आले. "मिशरी कोन लावतंय? आय गेल्यापासून घरात कोनी लावत नाय!" मग त्यांना काकूंच्या मनगटावरचे बोटांचे लाल वळ दिसले. ते खाली बसले आणि ते मनगट कपाळाला लावून राहिले.

मेंदू, सवय, भास — मी सगळं लावून पाहिलं. वासाचं एखादवेळ जमेल, वळांचं नाही जमत. त्या बाजूला कोणीच नव्हतं हो!

काकू आता रोज डाव्या हाताने जेवतात. परवा मला जेवायला थांबवलं आणि पहिला घास त्याच हाताने भरवला. मी गुपचूप खाल्ला.